रुमालाखालचा भाव

म्हसवडपासून लोणंदपर्यंत आणि खरसुंडीपासून सांगलीपर्यंत जनावरांचा असा एक बाजार नव्हता, जिथं जोतीराम गोरडाचा हात लोकांना ठाऊक नव्हता. तोंड एखाद्याला ठाऊक नसेल. तोंड तसं मुद्दाम बघावं असं नव्हतंच. पण हात! माणदेशातले शेतकरी म्हणायचे, जोतीनानानं बैलाच्या पाठीवरून नुसता हात फिरवला की बैलाच्या आजीला काय रोग होता तेसुद्धा सांगतो.

नाना हेडी होता. विकणारा एकीकडं, घेणारा दुसरीकडं आणि दोघांचा मेळ घालणारा नाना मधे. खांद्यावरचा रुमाल विकणाऱ्याच्या हातावर टाकायचा आणि त्याच्याखाली बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. शेकड्यात की हजारात, ते समोरच्या जनावराकडं बघून ज्याचं त्यानं समजायचं. तोंडानं मात्र पावसापाण्याचं बोलायचं आणि डोळे आभाळाकडं ठेवायचे. भोवती पन्नास माणसं माना लांब करून उभी असली तरी खाली काय चाललंय ते दोघांनाच कळायचं.

या धंद्याचा एकच नियम नाना देवासारखा पाळायचा. रुमालाखालचा भाव तिसऱ्याला सांगायचा नाही. बापाला नाही, भावाला नाही, आणि बायकोला तर नाहीच नाही.

त्याची बायको राहीबाई बाजाराच्या दिवशी दारातच त्याला अडवायची. "काय भाव फुटला आज?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," नाना म्हणायचा.

"उगडा की मग. बगू तरी, सव्वा लाख हायत का सव्वा रुपाया."

नाना मिशीत हसायचा आणि पाय धुवायला जायचा. लग्न होऊन तीस वर्षं झाली, एकुलता एक सयाजी फौजेत नायक झाला, त्याला पोरंबाळं झाली, पण नानानं एका खोंडाचा भाव कधी घरात फोडला नाही. राहीबाईनंही विचारणं कधी सोडलं नाही.

दुसऱ्याच्या बैलाची खोड शंभर पावलांवरून ओळखणाऱ्या नानाला स्वतःची एक खोड मात्र माहीत नव्हती. तो झोपेत सौदे करायचा. शेजारी निजलेल्या राहीबाईचा हात धरून बोटं दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. नवी नवरी होती तेव्हा राहीबाईला वाटलं, माणूस दिसतो रांगडा पण मायाळू आहे. एके रात्री दाबता दाबता तो झोपेतच पुटपुटला, "वशिंड बारीक हाय, कमी करा," तेव्हा तिला मायेचा खरा अर्थ कळला. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. पुढं सवय झाली. सकाळी त्याला काही आठवायचं नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

पंच्याहत्तर सालच्या थंडीत नानाच्या उजव्या मांडीच्या आतल्या अंगाला गाठ आली. बोराएवढी. नानानं ती बैल तपासावा तशी स्वतःच तपासली. दाबली, दुखेना. लाल नाही, गरम नाही, पू नाही. त्यानं लगेच निकाल दिला, माल निर्दोष आहे.

"दुखणं हत्तीच्या पायानं येतं आन मुंगीच्या पायानं जातं म्हनत्यात," तो राहीबाईला म्हणाला. "ही तर मुंगीच्या पायानं आलीया. हे कसलं दुखणं?"

इथंच गडी फसला. पण त्याला तरी काय दोष द्यायचा? आपल्याकडं ठणकल्याशिवाय कोण दवाखान्याची पायरी चढतो! गाठ मुकाट वाढत राहिली. बोराची सुपारी झाली, सुपारीचं लिंबू झालं.

तोवर शहात्तर साल उजाडलं, आणि त्या साली सरकारी दवाखान्याचं नुसतं नाव काढलं तरी वाडीवस्तीवरचे बाप्ये रानात पळायचे. नसबंदीच्या एकेक गोष्टी कानावर यायच्या. कोण म्हणे दाढ काढायला गेला आणि भलतंच करून घेऊन आला. खरं किती आणि बाजारगप्पा किती, देव जाणे. नाना बावन्न वर्षांचा, नातवंडांचा आजा. त्याला आणखी पोरं का हवी होती? पण धोतर मांडीपर्यंत वर घ्यायचं आणि समोर कात्री घेतलेला डॉक्टर, हा योग काही त्याला सोसणारा नव्हता.

म्हणून त्यानं बाजाराच्या गावातला एक खाजगी डॉक्टर गाठला. डॉक्टरनं वरवर चाचपलं, "चरबीची गाठ" म्हणाला, आणि टेबलावर आडवं घालून अर्ध्या तासात काढली. शेंगेतून वाटाणा निघावा तशी ती अख्खी, गुळगुळीत बाहेर आली. डॉक्टर खूश, नाना खूश. गाठ पत्र्याच्या थाळीत पडली आणि थाळीतून उकिरड्यावर गेली. दात बघितल्याशिवाय नानानं जन्मात बैलाचा कासरा हातात घेतला नव्हता. पण आपल्या मांडीतून निघालेला माल कुणाला तरी तपासायला द्यावा, हे त्याला सुचलं नाही आणि त्या डॉक्टरलाही नाही.

दिवाळीला त्याच वणाखाली गाठ पुन्हा आली. या वेळी ती लिंबावर थांबली नाही.

संक्रांतीला सयाजी सुट्टीवर आला. बाप लंगडतोय हे त्यानं अंगणातच ओळखलं. "काटा मोडलाय," नाना म्हणाला. "चप्पल चावली," थोड्या वेळानं म्हणाला. राहीबाईनं चुलीपाशी बसून सगळं सांगून टाकलं. सयाजीनं फौजी आवाज लावला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत बापाला मिरजेला नेलं. सांगलीत गाडी थांबली तेव्हा हळदीच्या पेठेचा वास खिडकीतून आला. नाना म्हणाला, इतक्या लांब आलोच आहोत तर जरा बाजारात डोकावू. सयाजीनं त्याच्या दंडावरचा हात काढला नाही.

मिरजेचा डॉक्टर मगदूम कृष्णाकाठच्या मळ्यात वाढलेला माणूस. चष्मा जाड, बोलणं कमी. नर्सनं नानाला खाटेवर निजवलं, धोतर वर सारलं आणि लाजरा गडी बघून अंगावर पांढरी चादर टाकली. डॉक्टरनं चादरीखाली हात घातला, आणि डोळे लावले छताकडं.

नानाच्या अंगावर काटाच आला. चेहरा कोरा, डोळे वर, हात कापडाखाली! ही रीत तो तीस वर्षं जगत आला होता. मिरजेच्या शिकलेल्या डॉक्टरलाही ती येत असेल हे मात्र त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यानं श्वास रोखला. डॉक्टरनं चार बोटं जुळवून मांडीवर ठेवली आणि नीट दाबली. चार. मग थांबून दोन बोटं दाबली. दोन. मग हात बाहेर काढून नानाच्या खांद्यावर थोपटलं, सौदा मिटल्यावर थोपटतात तसं.

मग प्रश्न सुरू झाले. कधी आली? किती दिवसांत वाढली? आधी काढलेली गाठ कुठं आहे? खोकला येतो का? वजन उतरलं का? नानानं सगळं खरं सांगितलं. गिऱ्हाईक खोडी काढणारं आहे, हे बघून त्याला डॉक्टरबद्दल आदरच वाटला. डॉक्टरनं गाठीतला एक लहानसा तुकडा तपासायला काढून घेतला, छातीचा फोटो काढायला लावला, पंधरा दिवसांनी यायला सांगितलं आणि सयाजीला तेवढं व्हरांड्यात बोलावलं. त्या काळची रीतच तशी होती. दुखणं एकाचं आणि सांगायचं दुसऱ्याला.

सयाजी आत आला तेव्हा त्याचा चेहरा, खोडीचा बैल विकायला आणलेल्या माणसाचा असतो तसा होता. "साधी गाठ हाय, नाना. फकस्त परत काढाय लागंल."

नानानं एक शब्द विचारला नाही. पोराला कशाला कोड्यात टाकायचं? भाव तर त्याला स्वतःला कळलाच होता. चार महिने. चालढकल झाली तर दोन.

पुढच्या पंधरा दिवसांत गोरडाच्या घरात जे घडलं, ते वाडीनं कधी बघितलं नव्हतं. नानानं म्हसवडच्या बाजारातून राहीबाईला डझनभर हिरव्या बांगड्या आणल्या. त्याआधीची खरेदी लग्नातली. दुसऱ्या दिवशी तो हरिबाच्या दारात जाऊन उभा राहिला. हरिबा हाही हेडी. एका बैलाच्या पाठीवरचा केसांचा भोवरा शुभ की अशुभ, यावरून दोघं पंधरा वर्षं एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते.

"हरिबा," नाना म्हणाला, "तुजं खरं हुतं गड्या. भवरा वाईटच हुता."

एवढं बोलून तो निघून आला. हरिबाला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. यात जोत्याचा डाव काय, हे त्याला कळेना.

तिसऱ्या दिवशी जेवता जेवता नाना म्हणाला, "राहे, भाकरी लय चांगली हुती तुजी. कायमच."

तेव्हा मात्र राहीबाई हादरली. तिनं सयाजीला गोठ्यामागं गाठलं. "खरं सांग. तुज्या बाला कुनी गावलीया का रं?"

सयाजी आधी हसला. मग त्याचं तोंड वाकडं झालं, आणि "वैरण टाकायची ऱ्हायलीया," म्हणून तो निघून गेला. वैरण त्यानं मघाशीच टाकली होती. राहीबाई म्हणाली, "पुडल्या खेपंला म्या बी येनार मिरजंला. कोन भवानी हाय ती बगायचीच हाय मला."

तर अशी तिघांची वरात डॉक्टरसमोर बसली. डॉक्टर नेहमीच्या सावध आवाजात म्हणाला, "नाना, गाठ पुन्हा काढावी लागेल. या वेळी जरा मोठं ऑपरेशन. पाय राहील, पण मांडीचं बरंच मांस जाईल."

"नगं," नाना म्हणाला.

"का?"

"चार म्हैन्यासाटी कशाला कापाकापी करताय? आसंच जाऊ द्या मला."

डॉक्टरनं सयाजीकडं रागानं बघितलं. सयाजीनं दोन्ही हात हलवले, मी नाही. "चार महिने कोण म्हणालं तुम्हाला?"

"तुमीच की."

"मी?"

"चादरीखाली," नाना म्हणाला. "चार दाबली, मग दोन दाबली. वर बगत हुता. म्या काय आंदळा हाय?"

डॉक्टरला आधी उमगेना. मग नानाच्या खांद्यावरच्या रुमालाकडं त्याचं लक्ष गेलं, त्यानं चष्मा काढला आणि टेबलावर डोकं टेकवून तो गदगदा हसायला लागला. नर्स दारातून डोकावून गेली.

"अहो नाना, गाठ मोजली मी! चार बोटं रुंद. दोन बोटं खोल. वर बघतो ते हाताला नीट कळावं म्हणून. दर रोग्याच्या वेळी बघतो!"

नाना पार ओशाळला. पण राहीबाई हसली नाही. ती 'चार म्हैने' हे शब्द पहिल्यांदा ऐकत होती. तिनं हातातल्या बांगड्यांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "आवं," ती म्हणाली, "म्हंजी ह्यासाटी ह्या बांगड्या? आन म्या पंदरा दिस तुमच्या नावानं बोटं मोडली!" आणि तिथंच, डॉक्टरच्या देखत, हमसून रडली. नाना तिच्याकडं न बघता रुमालाचं टोक पिळत राहिला.

डॉक्टरचं हसू कुठल्या कुठं गेलं. आता झाकून ठेवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यानं खुर्ची पुढं ओढली. "नाना, साधी गाठ नाही ही. कॅन्सर आहे. सार्कोमा म्हणतात त्याला. कॅन्सरच्या शंभर रोग्यांत एखाद्याला असतो. मांस, चरबी, शिरा, असल्या मऊ भागात होतो."

"शंबरात येक," नाना म्हणाला. त्यातही त्याला थोडी ऐट वाटलीच. "माल दाकवा."

"काय?"

"तुकडा न्हेला हुता न्हवं? माल बगितल्याबिगार म्या सौद्याला बसत न्हाई."

डॉक्टरनं त्याला शेजारच्या खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. नानाला आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग गुलाबी, जांभळं काहीतरी दिसलं, रांगोळी सांडल्यासारखं.

"मधोमध बघा," डॉक्टर म्हणाला. "एक ठिपका कमरेत आवळल्यासारखा दिसतो? ती पेशी एकाची दोन होतेय. असे ठिपके किती सापडतात ते आम्ही मोजतो. जितके जास्त, तितकी गाठ द्वाड."

"हे दात झालं," नाना डोळा न काढता म्हणाला. "दोन दाती का चार दाती. आन फुडं?"

पुढं डॉक्टर सांगत गेला आणि नाना बाजारात ऐकावं तसं ऐकत गेला. गाठ चार बोटं झाली, हे वाईट. लहान असती तर बरं होतं. कातडीलगत नाही, खोल मांसात आहे, हेही वाईट. झपाट्यानं वाढली, आतून जागोजाग मेली आहे, वाईट. पोटात नसून मांडीत आहे, म्हणजे भोवती कापायला जागा आहे, हे चांगलं. हा रोग रक्तातून छातीत जातो. आज छातीचा फोटो स्वच्छ आहे, हे सगळ्यात चांगलं.

"आन परत का आली? समदी निगाली हुती की. वाटान्यावानी."

"तीच तर फसगत. गाठ भोवतालचं मांस दाबत वाढते आणि त्या दाबलेल्या मांसाचीच तिला साल येते. वाटतं, सालीच्या आत रोग, बाहेर आपण. पण सालीतही रोगच असतो. आधीच्या डॉक्टरनं साल आत ठेवून नुसता गर काढला."

"हराळी," नाना म्हणाला. "वरनं उपटली की रान सोळा आणे साफ दिसतंय. म्हैन्यात परत हिरवंगार. कुदळीनं हातभर खोल खणल्याबिगर ती जात न्हाई, आन येक कांडी ऱ्हायली तरी ऱ्हायलीच."

"तेच करायचंय मला. चारी बाजूंनी चांगलं मांस घेऊन खणायचंय. मी कांडी ठेवणार नाही. पण आधीच एखादी रक्तातून वाहून गेली असली, तर ती मला दिसणार नाही."

नाना उठला. परत येऊन खुर्चीत बसला आणि त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला. "मग आता खरा भाव सांगा."

"नाना, आपल्या हातात काय आहे? शेवटी देव..."

"देवाला मदी आनू नगा. त्येला ह्यातलं काय कळत न्हाई." नानानं रुमाल पसरला. "माज्यासारकी, आसल्याच गाठीची धा मानसं घ्या. पाच वर्सांनी त्यातली किती बाजाराला चालत येत्यात, तेवडं सांगा. तोंडानं नगं. आमचं सयाजी हाय हितं, ही हाय."

डॉक्टरचा बाप मळ्यातली जनावरं बाजाराला नेणारा. लहानपणी त्यानं बापाचा हात रुमालाखाली जाताना कितीदा बघितला होता. त्यानं एकदा दाराकडं बघितलं, नर्स नव्हती, आणि हात रुमालाखाली घातला.

राहीबाई आणि सयाजी दोघांचे चेहरे वाचत राहिले. नानाचा चेहरा कोरा होता. डॉक्टरच्या चेहऱ्याला ती सवय नव्हती. त्याची हनुवटी थरथरत होती. रुमाल हलला. थांबला. मग नानाच्या बाजूनं हलला. बाप घासाघीस करत होता! डॉक्टरनं मान हलवली. नानानं पुन्हा ओढून बघितलं, अजून एक बोट, एकच. डॉक्टरनं पुन्हा मान हलवली, पण नानाचा हात सोडला नाही.

"ठरलं," शेवटी नाना म्हणाला. "कापा."

"काय भाव फुटला?" राहीबाईनं विचारलं.

"झाकली मूठ," नाना म्हणाला. सव्वा लाखाचं या वेळी तो बोलला नाही.

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. बाहेर निवडणुकीचे निकाल लागत होते, नसबंदीची भीती सरली म्हणून बाप्ये फेटे उडवत होते, आणि नाना मात्र मांडीचं मांस देऊन खाटेवर पडला होता. उन्हाळा संपता संपता तो काठी टेकत लोणंदच्या बाजारात आला. आता तो बैलांकडं जात नसे. लिंबाखाली पोत्यावर बसायचा आणि बैल त्याच्याकडं यायचे. "सरकार झालोय म्या," तो म्हणायचा. हरिबा त्याला चहा आणून द्यायचा, आणि तो भोवरा खरंच वाईट होता का, हे भीत भीत विचारायचा.

दर तीन महिन्यांनी मिरजेला जाऊन छातीचा फोटो काढायचा. डॉक्टर तो उजेडासमोर धरायचा आणि नाना फोटोकडं न बघता डॉक्टरच्या हनुवटीकडं बघायचा. दोनदा हनुवटी स्थिर होती. डिसेंबरात ती हलली. डाव्या फुप्फुसात दोन ठिपके होते, हरभऱ्याएवढे.

नाना एकटाच गेला होता. सयाजी तिकडं सीमेवर. डॉक्टरनं खिशातला हातरुमाल काढला. तो इतका लहान, की दोघांचे हातही त्याखाली नीट झाकेनात. त्यानं नानाचं एकच बोट धरलं. वर्ष. नानानं घासाघीस केली नाही. उलट डॉक्टरच्या पाठीवर थोपटलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर उन्हाला बसला होता. "फोटो ब्येस हाय," त्यानं राहीबाईला सांगून टाकलं होतं. ती बाहेर आली, शेजारी टेकली आणि तिनं पदराचं टोक त्याच्या हातावर टाकलं.

"आगं, काय करतीस?"

"गप ऱ्हावा. वर बगा. पावसापान्याचं बोला."

पदराखाली तिनं त्याची चार बोटं धरली. नीट, एकाला एक जुळवून. "हे पयलं," ती म्हणाली. "डाक्टरनं दिल्यालं. धातलं चार. तुमी पाच मागत हुता, त्येनं दिलं न्हाई."

नानाच्या तोंडाचा आ तसाच राहिला. "तुला कुनी सांगितलं? डाक्टर बोलला?"

"तुमीच की. कापून आल्यापास्नं रोज झोपंत माज्या हातावर तेच करताय. चार धरायचं, पाचवं वडायचं. चार धरायचं, पाचवं वडायचं." तिनं नाक पुसलं. "तीस वर्सं समदे सौदे म्हायती हायत मला. हरिबाची खिलारी जोडी, दुष्काळात छावनीवरनं आनल्याली गाय, समदं. त्या पंदरा दिसांत बी चार दाबत हुता, तवा म्हनलं चारशेचं खोंड आसंल."

"मग रोज दारात इचारत कशाला हुतीस?"

"तुमी सांगताय का बगत हुते," राहीबाई म्हणाली. "आता कालचा भाव सांगा."

तीस वर्षांचा नियम होता. नानानं आभाळाकडं बघितलं. "औंदा थंडी लय हाय," तो म्हणाला, आणि पदराखाली एक बोट पुढं केलं.

राहीबाईनं ते धरलं. मग तिनं शेजारचं दुसरं बोटही मुठीत घेतलं आणि ओढलं.

"राहे, माल तेवड्याचा न्हाई आता."

"मालाचं मला नगा सांगू. तीस वर्सं बगतीया म्या ह्यो माल." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तोंड आभाळाकडंच होतं, अगदी रीतीप्रमाणं. "दोन."

नानानं बोट मागं घेऊन बघितलं. तिनं सोडलं नाही. जन्मभर दुसऱ्यांना झुकवलेल्या हेड्यानं मग हात सैल सोडला.

"ठरलं," तो म्हणाला.

आणि हेड्यानं शब्द राखला. अठ्ठ्याहत्तर गेलं, एकोणऐंशीचा बैलपोळा झाला, दिवाळी झाली. डॉक्टर मगदूम दर खेपेला फोटो उजेडासमोर धरून म्हणायचा, की ठिपके वाढताहेत, पण किती सावकाश, आमचं शास्त्र दहा माणसांचं सांगतं नाना, एकाचं सांगत नाही. नाना म्हणायचा, "शास्त्राला म्हनावं, घरात एक सौदा झालाय." नोव्हेंबराच्या शेवटी नाना गेला. सकाळी, चहा घेऊन, राहीबाईच्या हातात हात असताना.

वाडी लोटली. सगळ्यांत मोठ्यानं हरिबा रडला. भोवरा चांगलाच होता, हे त्यानं पन्नास माणसांत कबूल केलं. डॉक्टर मगदूम दहाव्याला मुद्दाम मिरजेहून आला आणि राहीबाईसमोर मान खाली घालून बसला. म्हणाला, "मी एकच वर्ष दिलं होतं, आजी. त्यांनी जवळजवळ दोन काढली."

"तीन आटवडं कमी पडलं," राहीबाई म्हणाली. तिनं दिवस मोजले होते.

डॉक्टरनं मान वर केली.

"ती त्येंची दलाली," ती म्हणाली. "सौद्यात हेडी तेवडी घेतोच. रीत हाय ती." एवढं ती अगदी हसून बोलली. मग तिनं उजवा हात पदराखाली घेतला आणि दोन बोटं धरावीत तशी मूठ मिटली.